शेताची किंमत आणि आगीचा अधिभार

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात अग्निशमनाचा बराचसा खर्च मालमत्ताधारकांकडून वसूल करण्याची पद्धत २०१३ पासून रूढ आहे. १ जुलै २०२५ पासून तिची व्याप्ती वाढवून ‘आपत्कालीन सेवा आणि स्वयंसेवक निधी’ या नावाचा अधिभार लागू झाला, तेव्हा त्याला सर्वाधिक कडवा विरोध ग्रामीण भागातून, आणि त्यातही शेतकऱ्यांकडून झाला. हा विरोध केवळ करवाढीचा राग म्हणून बाजूला सारणे चुकीचे ठरेल, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कराच्या दराइतकाच त्याच्या मोजमापाचाही आहे.

२०१३ पूर्वीची व्यवस्था मालमत्तेवर नव्हे, तर विम्यावर आधारलेली होती. अग्निशमन दलांच्या खर्चाचा मोठा हिस्सा विमा कंपन्या देत आणि तो विमाधारकांच्या हप्त्यात मिळवत. परिणामी ज्याने घराचा, गोठ्याचा किंवा कुंपणाचा विमा उतरवला त्यानेच बंबाचा खर्च सोसायचा, आणि ज्याने विमा उतरवलाच नाही त्याच्या दारातही तोच बंब फुकट येणार, असा उफराटा न्याय त्यात होता. शिवाय या वाढीव हप्त्यावर वस्तू व सेवा कर आणि मुद्रांक शुल्क आकारले जात असल्याने करावर कर चढत असे. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने ही पद्धत बदलून अधिभार मालमत्तेवर बसवावा अशी शिफारस केली, आणि तिच्या आधारे १ जुलै २०१३ पासून नवी आकारणी सुरू झाली. मालमत्तेवरील आकारणीचे तत्त्व त्यामुळे मुळात न्याय्य आहे, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

या अधिभाराचे दोन भाग असतात. पहिला भाग ठोक रकमेचा असून तो प्रत्येक मालमत्तेला लागू होतो, मात्र एकाच शेतव्यवसायाच्या अनेक तुकड्यांसाठी अर्ज केल्यास तो एकदाच भरावा लागतो. दुसरा भाग बदलता असतो आणि तो मालमत्तेच्या ‘भांडवली सुधारित मूल्यावर’, म्हणजे जमीन आणि तिच्यावरील घर, गोदाम, कुंपण अशा सर्व सुधारणा धरून येणाऱ्या एकत्रित बाजारभावावर आकारला जातो. हे मूल्यांकन दरवर्षी नव्याने होते, आणि स्थानिक कौन्सिल आपल्या घरपट्टीच्या बिलातच ही रक्कम दाखवून वसूल करते व राज्य सरकारकडे भरते. ज्या मराठी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा आकार जमिनीच्या जुन्या महसूल आकारणीतून आलेला असतो आणि बाजारभावाशी ज्याचा फारसा संबंध उरलेला नसतो, त्याला ही पद्धत नवखी वाटेल.

शेतजमिनीसाठी बदलत्या भागाचा दर २०२४-२५ मध्ये दर १,००० डॉलर मूल्यामागे २८.७ सेंट होता. नव्या निधीची घोषणा झाली तेव्हा तो ८३ सेंट ठेवला होता, म्हणजे वाढ जवळपास १८९ टक्के होती. मे २०२५ मध्ये विधेयक मंजूर होताना ग्रीन्स पक्षाशी झालेल्या वाटाघाटींत तो ७१.८ सेंटपर्यंत खाली आला. ५० लाख डॉलर मूल्याच्या शेताला, जे तेथील धान्य किंवा मेंढीपालनाच्या शेतांच्या मानाने अवाढव्य नाही, जुन्या दराने १,४३५ डॉलर, ७१.८ सेंटने ३,५९० डॉलर आणि मूळ प्रस्तावाप्रमाणे ४,१५० डॉलर भरावे लागले असते, आणि ठोक रक्कम वेगळीच. त्याच वेळी राहत्या घरांचा दर ८.७ सेंटवरून १७.३ सेंट झाला. ७ लाख डॉलरच्या घराला बदलत्या भागापोटी ६१ ऐवजी १२१ डॉलर, इतकाच काय तो फरक. मेलबर्नमधील मराठी कुटुंबांच्या कौन्सिल बिलांवरही हीच ओळ छापलेली असते, परंतु तिच्यापायी त्यांच्या पोटापाण्याच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत तो लागतो, कारण जमिनीची किंमत आणि जमिनीचे उत्पन्न यांचा मेळ बसेलच असे नाही. शेताचे मूल्य कोट्यवधी असू शकते, पण शेत विकल्याखेरीज ते पैसे हातात येत नाहीत. विकले तर व्यवसायच संपतो. गहू, लोकर, मांस आणि दूध यांचे भाव बहुतांशी जागतिक बाजार किंवा मोठे खरेदीदार ठरवतात, त्यामुळे दुकानदार जसा वाढीव कर मालाच्या किमतीत घालून मोकळा होतो तसे शेतकऱ्याला करता येत नाही. त्यातच २०२४-२५ मध्ये राज्याचा नैऋत्य भाग भीषण कोरडा गेला होता, जनावरांसाठी दूरवरून गवताच्या गासड्या विकत आणाव्या लागत होत्या, आणि नेमक्या त्याच काळात हे बिल येणार होते.

याहून अधिक बोचणारी बाब निराळीच आहे. ग्रामीण व्हिक्टोरियात आग विझवणारी प्रमुख संस्था म्हणजे ‘कंट्री फायर अथॉरिटी’ (सीएफए), आणि तिचे मनुष्यबळ मुख्यत्वे बिनपगारी स्वयंसेवकांचे आहे, ज्यांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा असतो. शिवाय अनेक शेतांवर पिकअप गाडीच्या हौद्यात पाण्याची टाकी, पेट्रोलवर चालणारा पंप आणि गुंडाळीवरचा नळ बसवलेला स्वतःचा छोटा बंब उन्हाळाभर सज्ज असतो. वाळलेल्या गवताने पेट घेतला की सरकारी गाडी येण्यापूर्वी बांधावर पोचणारा हाच बंब असतो, आणि त्याची खरेदी, इंधन व देखभाल शेतकऱ्याच्या खिशातूनच होते. जो माणूस सेवा देतो त्याच्याकडूनच सेवेचे मोल अधिक दराने घ्यायचे, हा विरोधकांचा आक्षेप त्यामुळे निव्वळ भावनिक ठरत नाही. सरकारने सीएफए आणि राज्य आपत्कालीन सेवेच्या सक्रिय स्वयंसेवकांना एका पात्र मालमत्तेवर परताव्याची सोय ठेवली खरी, परंतु सदस्यत्व न घेता स्वतःच्या गाडीनिशी धावणारा शेजारी तिच्या कक्षेत येत नाही.

सरकारची बाजूही पोकळ नाही. जुना अधिभार अग्निशमन दलांपुरता होता. नव्या निधीतून पूर-वादळात मदत करणारी राज्य आपत्कालीन सेवा, संकटकाळचे फोन घेणारी ‘ट्रिपल झिरो’ यंत्रणा, वनक्षेत्रातील आग रोखणारी पथके आणि आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचे काम यांनाही पैसा मिळतो, आणि बदलत्या हवामानात हा खर्च वाढतच जाणार हे उघड आहे. तथापि यांपैकी बराचसा खर्च पूर्वी राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून होत असे, आणि त्या तिजोरीत बरीचशी भर ज्याच्या त्याच्या व्यवहाराप्रमाणे पडते. तो मालमत्तेवर ढकलला की ज्याच्याकडे जमीन जास्त आणि नगदी पैसा कमी अशा वर्गावर त्याचे ओझे साहजिकच जास्त पडते. केवळ खर्चाचे लेखाशीर्ष बदलल्याने न्यायाचे गणित असे बदलते.

मेलबर्नमध्ये विधिमंडळासमोर निदर्शने झाली, काही स्वयंसेवी पथकांनी निषेध म्हणून आपल्या गाड्या सेवेतून तात्पुरत्या काढून घेतल्या, कौन्सिलांच्या संघटनेनेही आपल्यावर राज्याची करवसुली लादल्याची तक्रार केली, आणि मे २०२५ च्या अखेरीस मुख्यमंत्री जॅसिंटा ॲलन यांनी दुष्काळाचे कारण देऊन २०२५-२६ या वर्षासाठी सर्व शेतकऱ्यांना २८.७ सेंटचा जुनाच दर लागू राहील असे जाहीर केले. या माघारीतच आकारणीचा मूळ दोष उघड होतो: उत्पन्न घटले तरी जमिनीचे मूल्य लगोलग घटत नाही, आणि म्हणून सवलत नियमातून न येता आंदोलनातून मिळवावी लागते. अनेक वर्षांच्या सरासरी उत्पन्नाशी जोडलेली कमाल मर्यादा, किंवा दुष्काळ जाहीर होताच आपोआप लागू होणारी स्थगिती, यांपैकी काहीतरी कायद्यातच असायला हवे होते. तशी तरतूद नसल्याने, आणि दर दरवर्षी नव्याने ठरवले जात असल्याने, पुढील हंगामाची पेरणी आखताना व्हिक्टोरियाच्या शेतकऱ्याला या खर्चाचा आकडा आगाऊ गृहीत धरता येत नाही.