चप्पू: एकाच तळावर मासे आणि बदकं

थर्माकोलचे जाड ठोकळे एकावर एक रचायचे, नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळायचे, वरून खताच्या रिकाम्या गोण्या नाहीतर जुनं जाळं शिवून टाकायचं आणि बसायला फळीचा तुकडा ठेवायचा. झाला चप्पू तयार. पैठणच्या नाथसागरावर भोई मंडळी याच्यावर बसून जाळी टाकतात. दोन्ही हातांत छोट्या फळ्या धरून पाणी मागे सारायचं, की चप्पू पुढं सरकतो. काम संपलं की डोक्यावर घेऊन घर गाठायचं.

शहरातल्या माणसाला हा गरिबीचा जुगाड वाटतो. मला मात्र त्यात उथळ पाण्याची पक्की समज दिसते. हिशोब करून पाहा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद चप्पूवर माणूस, ओलं जाळं आणि मासे मिळून शंभर किलोचा भार ठेवला, तरी तो जेमतेम सात सेंटिमीटर पाण्यात बसतो. लाकडी नाव जिथं चिखलात रुतेल, तिथं चप्पू शेवाळावरून सहज निघून जातो. आणि नाथसागराच्या फुगवट्यात असं पाणी भरपूर आहे. 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलाय. गोदावरीचं सपाट खोरं बुडालं, शंभरावर गावांची शेती-घरं पाण्याखाली गेली. त्यामुळे कडेकडेनं कोसभर गुडघा-कंबरभर पाणीच. पाणी ओसरलं की त्याच जमिनीत गाळपेर होते.

हेच पाणी बदकांनाही हवं असतं. तलवार बदक आणि थापट्या बुडी मारणारे पक्षी नाहीत. पाण्याच्या वरच्या थरात चोच फिरवायची, नाहीतर शेपटी वर करून मान पाण्यात घालायची आणि चोच पोचेल तिथलं खायचं, ही त्यांची रीत. म्हणजे मान पोचेल एवढंच खोल पाणी त्यांच्या कामाचं. त्याच पाण्यातल्या वनस्पतींत माशांची पिल्लं वाढतात आणि त्यांच्या मागं मोठा मासा येतो. भोई आणि बदक हिवाळ्यात एकमेकांच्या शेजारी दिसतात ते यामुळे.

शिकाऱ्यांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. बदक उभ्या माणसाला लांबूनच ओळखतं आणि उडतं. पण पाण्यालगत, हळूहळू येणाऱ्या बुटक्या आकाराला ते उशिरापर्यंत बिचकत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बार्नेगाट खाडीवर 1836 साली हेझल्टन सीमन या कारागिरानं ‘स्नीकबॉक्स’ नावाची होडी बांधली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, सीडरच्या फळ्यांची, वरचा पाटा फुगीर. त्यावर गवत पसरलं की होडी किनाऱ्याचाच एक तुकडा वाटायची. हिवाळ्यात बदकं आणि इतर वेळी मासे, अशी दोन्ही कामं ती करायची. नॅथॅनिएल बिशप नावाचा गृहस्थ 1875 च्या डिसेंबरात अशाच होडीतून पिट्सबर्गहून निघाला आणि नद्या उतरत, मग आखाताचा किनारा धरत थेट फ्लोरिडाला पोचला. बंदुकीसाठी घडवलेली ती होडी खरंतर उथळ पाण्यासाठी घडवलेली होती.

आपल्याकडे बंदुकीचा विषय कायद्यानं मिटवला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली. मधल्या काळात, 1986 मध्ये, जायकवाडी पक्षी अभयारण्य झालं. हे योग्यच झालं. पण पक्षी कुठं उतरतात, कुठल्या बेटावर रात्र काढतात, वारा फिरला की कुठं सरकतात, हे जाणणारा माणूस चप्पूवरच बसलेला असतो. त्याचं हे ज्ञान आपण वाया घालवतोय.

ओडिशातल्या मंगलाजोडीनं ते वाया जाऊ दिलं नाही. चिल्का सरोवराच्या उत्तर काठावरचं हे गाव पाणपक्ष्यांच्या चोरट्या शिकारीसाठी बदनाम होतं. 2000 च्या सुमारास गावकऱ्यांनी पक्षी सुरक्षा समिती स्थापली आणि जे शिकार करत, तेच सपाट तळाच्या होड्या बांबूनं ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. उजनी धरणाच्या काठावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथल्या मच्छीमारांनीही हाच धंदा धरलाय. हिवाळ्यात सकाळी रोहित आणि पट्टकादंब पाहायला लोक त्यांच्याच होडीतून जातात. पक्षी मार्चनंतर परततात, मासे पुढंही मिळत राहतात. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत मासेमारी थांबते, तेव्हा होडीची डागडुजी. एका होडीवर दोन हंगाम भागतात.

नाथसागरावर हे चप्पूनं व्हायचं नाही, आणि चप्पूनं होऊही नये. पन्नास किलोमीटर लांबीच्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात आणि एवढा हलका तराफा पलटायला वेळ लागत नाही. याच जलाशयाच्या काठावरच्या, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेत जातात, ही बातमी 2022 साली आली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शिवाय थर्माकोल झिजतो. त्याचे पांढरे कण पाण्यावर तरंगतात, मासे आणि पक्षी ते खाणं समजून गिळतात. आणि आमच्या जालना शहरात जलवाहिनीतून येतं तेही याच जलाशयाचं पाणी.

म्हणून हवी ती चप्पूची अक्कल ठेवून बांधलेली होडी: सपाट तळ, बुटके काठ, फायबर किंवा लाकूड, पुढं-मागं हवाबंद कप्पे म्हणजे उलटली तरी बुडायची नाही. इंजिनाऐवजी बांबू आणि वल्हं, कारण इंजिनाच्या आवाजानं थवा उठतो. तीन माणसं, तीन जीवरक्षक जाकिटं. अभयारण्यातल्या मासेमारीवर वनखातं आणि भोई यांच्यात ओढाताण होते. त्यात अशा होडीला दोन्ही कामांचा एकच परवाना देऊन सुरुवात करता येईल. जाळं कुठं टाकायचं नाही, हे भोयांनाच ठरवू द्यावं. आमच्या शहराच्या नवीन जालना भागाला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आकारानं लहान, वाऱ्यालाही फार मोकळा नाही. हिवाळी पाहुणे तिथंही उतरतात. पहिली होडी तिथं उतरवून पाहायला हरकत नाही. मग ती पैठणला न्यावी.