चपलेला पाय फुटले, कारागिराचं काय?

जीन्सवर कोल्हापुरी घालून ऑफिसला जाणाऱ्यांपैकी मी एक. करकर वाजली की कॉलर आपोआप ताठ! 2019 मध्ये या चपलेला जीआय टॅग मिळाला. पण टॅग जपतो ते नाव. जून 2025 मध्ये प्राडानं नाव न घेताच तसल्या चपला मिलानच्या रॅम्पवर आणल्या. इथं बोंबाबोंब झाली, तेव्हा मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. मग जागतिक बाजार गरिबाला तारतो की मारतो? हिशेब साधा आहे. ऑर्डरबरोबर वेणी विणणाऱ्या हातांची मजुरीही वाढली, तरच तो विकास. नाहीतर नुसताच फॅशन शो! तेव्हा बॉस, चप्पल लाईनला गेलात की किमतीबरोबर एवढंही विचारा: यातले कारागिराला किती?