पाच मिनिटांचे मोल

विद्यार्थी मित्रांनो, चुलीवर ठेवण्याआधी पातेल्याच्या बुडाला ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप लावलेला तुम्ही पाहिला आहे का? पाहिला नसेल, तर आपल्या दादीला विचारा. त्या लेपामुळे पातेल्याला काजळी चिकटत नाही आणि जाळ थेट भांड्याला भिडत नाही. आग आणि भांडे यांच्यामध्ये एक पातळ थर उभा राहतो. आज हीच साधी युक्ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीसाठी वापरली जाते. या लेपाचे काम काय, ते आपण समजून घेऊ.

आग लागल्यावर सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणती? वेळ! आपल्या बुलढाणा जिल्ह्याने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटली आणि पेटली. 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. ती बस डिझेलवर चालणारी होती. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्यामुळे बाहेर येण्याची वाटच बंद झाली. जे थोडे प्रवासी वाचले, त्यांतील काही जण काच फोडून बाहेर आले. आणखी काही मिनिटे मिळाली असती, तर कदाचित आणखी काही जीव वाचले असते.

आता आपल्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या स्कूटर, रिक्षा आणि मोटारी दिसू लागल्या आहेत. त्या धूर सोडत नाहीत. त्यांना पेट्रोल लागत नाही. पण त्यांच्या बॅटरीचा स्वभाव आपल्याला माहीत असायला हवा.

गाडीची बॅटरी म्हणजे एका पेटीत शेजारी शेजारी बसवलेले अनेक लिथियम सेल. प्रत्येक सेलमध्ये दोन टोके असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. आत एक द्रव असतो. तो सहज पेट घेतो. सेल सदोष असेल, त्याला मार बसला असेल किंवा तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला असेल, तर तो आतून तापू लागतो. सुमारे 130 अंश सेल्सिअसला पडदा वितळू लागतो. मग दोन्ही टोके एकमेकांना भिडतात आणि उष्णता झपाट्याने वाढते. एक सेल पेटला, की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो आणि त्याच्यामुळे पुढचा. एका घराची आग जशी साऱ्या गल्लीत पसरावी, तसेच हे होते.

मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली. एप्रिल 2022 मध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या 20 नव्या स्कूटर जळाल्या. अशा घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. एआयएस 156 या मानकातील नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले: पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून. एका सेलची उष्णता दुसऱ्याकडे पसरू नये म्हणून सेलमध्ये पुरेसे अंतर हवे आणि धोका निर्माण होताच चालकाला इशारा मिळावा, अशा गोष्टी त्यांत आहेत. चीनने 2020 च्या मानकात मोटारींसाठी एक स्पष्ट अट घातली. बॅटरीतील आग प्रवाशांपर्यंत पोहोचण्याच्या किमान 5 मिनिटे आधी त्यांना इशारा मिळाला पाहिजे.

ही पाच मिनिटे मिळवून देण्यात लेपाची मोठी मदत होते. तो पेटीच्या झाकणाला आतून लावतात. सेलच्या मध्येही उष्णता अडवणारे थर बसवतात. एका प्रकारचा लेप एरवी साध्या रंगासारखा दिसतो. पण आच लागली, की तो पापडासारखा फुगतो. त्यात तीन प्रकारचे पदार्थ असतात. एकापासून आम्ल तयार होते. त्या आम्लामुळे दुसऱ्याचा कोळसा होतो. तिसऱ्यापासून सहजासहजी न पेटणारा वायू सुटतो आणि तो या कोळशाला फुगवतो. पातळ थराचा असा जाड, सच्छिद्र थर बनतो. कापसाच्या रजईत अडकलेली हवा थंडीत आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तसाच हा थर आगीची उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. काही बॅटऱ्यांमध्ये अभ्रकाचे पत्रेही घालतात. जुन्या इस्त्रीमध्ये तापणाऱ्या तारेजवळ हेच अभ्रक असे.

पण मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लेप आग विझवत नाही. तो आगीला थोडा वेळ दारातच थोपवून धरतो. त्या वेळेचा उपयोग माणसानेच करायचा असतो. म्हणून बाजारातला कोणताही रंग आणून बॅटरीला फासू नका. तो स्वतःच पेटू शकतो.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. आधी तिला सावलीत निवू द्या. गाडीसोबत मिळालेलाच चार्जर वापरा. फुगलेली किंवा मार बसलेली बॅटरी वापरू नका. रात्री सर्वजण झोपलेले असताना बॅटरी चार्जिंगला ठेवू नका. घराच्या दारात किंवा जिन्याखाली तर कधीच ठेवू नका. आग लागली, तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. बॅटरीतून धूर किंवा उग्र वास आला, तर तिला हात न लावता सर्वांना घेऊन दूर जा. तो धूर विषारी असतो. मग अग्निशमन दलाला कळवा.

आज घरी गेल्यावर पाहा. तुमच्या घरी किंवा शेजारी विजेची गाडी असेल, तर ती कोठे चार्ज होते? ती जागा दारात असेल, तर अब्बा-अम्मीला या पाठातली गोष्ट सांगा. लेप पाच मिनिटे देईल. पण वाट मोकळी ठेवण्याचे काम आपलेच आहे.