कमलाबाई सोहोनींच्या शोधनिबंधांची यादी

कमलाबाई सोहोनी यांचे नाव निघाले की सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन भागवतांची ही मुलगी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेली. मुलगी म्हणून तिला नकार मिळाला. ती हटली नाही. आणि अखेर काही अटींवर का होईना, संस्थेचे दार उघडले. गोष्ट खरी आहे व ती सांगितली जावी याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ती इतकी चटकदार आहे की ती संपताच ऐकणारा समाधानाने उठतो, आणि दारातून आत गेल्यावर या बाईंनी केले काय, हे विचारावयाचे राहूनच जाते. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, एवढी आणखी भर पडते आणि विषय संपतो.

आम्ही येथे तो राहून गेलेला प्रश्न हाती घेणार आहोत, आणि त्यासाठी त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीकडे वळणार आहोत. अशी यादी दिसावयास रुक्ष असते. नाव, साल, नियतकालिक, पृष्ठांक, बस्स. पण ती क्रमाने वाचली तर माणसाचे मन कोठे कोठे गुंतले होते हे तीत जितके स्वच्छ दिसते तितके सत्कारसमारंभातील भाषणांत दिसत नाही.

आरंभीच एक अडचण येते. ही यादी एका नावाखाली सापडत नाही. १९४७ साली विवाह होण्यापूर्वीचे निबंध ‘भागवत’ या नावाने आहेत, पुढले ‘सोहोनी’ या नावाने. आणि १९५१ चा एक निबंध मात्र पुन्हा ‘भागवत’ याच नावाने छापला गेला आहे. सूचीत शोधणाऱ्या परदेशी अभ्यासकाला या दोन निरनिराळ्या व्यक्ती वाटल्या तर नवल नाही. स्त्री-संशोधकांच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते, आणि त्यामुळे एकाच कामाचे दोन तुकडे होऊन प्रत्येक तुकडा वाजवीपेक्षा लहान दिसतो.

पहिला महत्त्वाचा निबंध १९३५ चा. बंगलोरचे त्यांचे गुरू श्रीनिवासय्या यांच्यासह तो इंग्लंडातील ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता डाळी-कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजन. शब्द अवघड आहे, मुद्दा घरगुती आहे. अन्नात प्रथिन किती हे रसायनशास्त्रज्ञ सरळ मोजीत नाही. तो त्यातला नायट्रोजन मोजतो आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणतो, कारण प्रथिनात सुमारे शेकडा सोळा भाग नायट्रोजन असतो. पण धान्यातला सगळाच नायट्रोजन प्रथिनात बांधलेला नसतो. काही सुट्या अमिनो आम्लांत असतो, काही अन्य संयुगांत. तो वेगळा काढला नाही तर डाळीच्या खात्यावर नसलेले प्रथिन जमा होते. ज्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिनासाठी डाळीचा मोठा आधार असतो, तेथे हा हिशेबनिसाचा बारकावा नव्हे. गरिबाच्या ताटात खरोखर काय पडते याचा तो हिशेब आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने पहिलाच हात या प्रश्नाला घातला, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

नंतर यादी एकदम केंब्रिजला जाते. तेथे जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. १९३८ साली डेरेक रिक्टर यांच्यासह अॅड्रिनलिन व प्राणिदेहातील फिनोलेज नावाची विकरे यांवर एक निबंध. १९३९ साली रिक्टर व ब्लाश्को यांच्यासह अमाइन ऑक्सिडेज या विकरावर दुसरा. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, पण स्वतः न संपणारे द्रव्य. अमाइन ऑक्सिडेजला त्या वेळी वैद्यकात कोणी फारसे विचारीत नव्हते. पुढे १९५० नंतरच्या दशकात या विकराला आवर घालणारी औषधे खिन्नतेच्या रोगावर वापरली जाऊ लागली आणि त्याचे नाव मानसोपचाराच्या प्रत्येक पुस्तकात शिरले.

पण केंब्रिजच्या कामातले ज्याचे नाव सर्वतोमुखी होते ते रॉबिन हिल यांच्याबरोबरचे. कमलाबाईंनी ‘वनस्पतींत सायटोक्रोम शोधून काढला’ असे वाक्य आपण वारंवार वाचतो. ते तसे बरोबर नाही. सायटोक्रोम हे श्वसनाला उपयोगी पडणारे रंजकद्रव्य. केलिन यांनी १९२५ साली ते वर्णिले तेव्हाच प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती या सर्वांत ते असल्याचे त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच म्हटले होते. मग कमलाबाईंचे काम कोणते? सायटोक्रोम हा हातोहात देणाऱ्या साखळीतला माणूस आहे, असे समजा. अन्नातून आलेला इलेक्ट्रॉन तो पुढे देतो; पण साखळीच्या शेवटी तो घेऊन ऑक्सिजनच्या हवाली करणारा कोणी तरी लागतो. प्राण्यांत तो शेवटचा गडी म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. वनस्पतींत तोच आहे की दुसरा कोणी, याविषयी शंका होती, आणि शंकेला कारणही होते. बटाटा चिरून ठेवला की तो काळा पडतो हे प्रत्येक गृहिणी जाणते. हे काळे पाडणारे एक निराळेच ऑक्सिडेज आहे व ते वनस्पतींत विपुल असते. तेव्हा श्वसनाचे कामही तेच करीत नसेल कशावरून? १९३९ साली ‘नेचर’मध्ये हिल व भागवत यांचे एक छोटे टिपण आले: सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज. शेवटचा गडी वनस्पतींतही तोच आहे, असा त्याचा इत्यर्थ. माणसाचा आणि बटाट्याचा श्वास अखेरच्या पायरीवर एकाच रीतीने चालतो, ही गोष्ट ‘शोधून काढला’ या मोघम वाक्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. याच वर्षी त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. (‘पहिली भारतीय स्त्री’ हे विशेषण लावताना मात्र जपावे, जानकी अम्माळ यांनी वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिशिगनहून १९३१ सालीच मिळविली होती.)

या टिपणाचा सविस्तर निबंध ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला तो १९५१ साली, म्हणजे बारा वर्षांनी. मधल्या काळात महायुद्ध झाले, कमलाबाई स्वदेशी परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात, मग कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत काम करून विवाहानंतर मुंबईस आल्या. यादीतली ही पोकळी वाचताना आम्हांस कोणाला दोष द्यावासा वाटत नाही. पण इंग्लंडात राहिल्या असत्या तर ती इतकी लांबली असती काय, हा विचार आल्यावाचून राहत नाही.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि यादी पुन्हा कडधान्यांवर येऊन बसते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून केलेला नीरेचा अभ्यास पुष्कळांना ठाऊक आहे. त्याला राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. आमच्या मते मात्र या पर्वातील खरे वजनदार काम ट्रिप्सिन-निरोधकांचे आहे. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे, प्रथिनांचे तुकडे करणारे विकर. कच्च्या कडधान्यांत काही द्रव्ये अशी असतात की ती ट्रिप्सिनला घट्ट धरून ठेवतात. मग पोटात प्रथिन असूनही ते नीट पचत नाही. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात, हे ऑसबर्न व मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखविले होते. पण हे झाले सोयाबीनचे. आपल्या वालाचे काय? मुंबईच्या या प्रयोगशाळेने १९५४-५५ मध्ये भारतीय भाज्या व डाळी क्रमवार तपासल्या, आणि १९५५ साली वाल व डबल बीन यांतील निरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. स्फटिक मिळणे म्हणजे द्रव्य भेसळीवाचून हाती येणे. त्यापूर्वी आपण केवळ अर्काच्या गुणांविषयी बोलत असतो. वालाचे बिरडे चांगले शिजवून घ्यावे असे आजी का सांगे, त्याचे एक कारण आता बाटलीत दिसू लागले. उष्णतेने हे निरोधक बऱ्याच अंशी निकामी होतात.

येथे यादीची एक खोड सांगितली पाहिजे. भाज्या-डाळींच्या त्या मालिकेसारखे मुंबईचे पुष्कळ काम भारतीय नियतकालिकांत पडून आहे. ज्या अन्नाविषयी ते होते त्या अन्नाच्या देशात ते छापावे हे योग्यच; परंतु ही नियतकालिके परदेशी ग्रंथालयांत क्वचितच उघडली जात, आणि आमच्याकडील ग्रंथालयांतही त्यांवर धूळ बसली. १९९८ साली कमलाबाई वारल्या तेव्हा वृत्तांतून पुन्हा पुढे आली ती रामन यांचीच गोष्ट.

१९५६ साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्याने ‘एक्सपीरिएन्शिया’ या स्विस नियतकालिकात एक निराळा प्रश्न मांडला: हे निरोधक आमचे पचन बिघडवितात हे ठीक, पण खुद्द वनस्पतीच्या जीवनव्यापारात त्यांचे काम काय? रोपाला माणसाच्या स्वादुपिंडाशी काय कर्तव्य? याच्या उत्तराचा एक मोठा भाग १९७२ साली अमेरिकेतून आला. ग्रीन व रायन यांनी असे दाखविले की भुंगेऱ्याने बटाट्याची वा टोमॅटोची पाने कुरतडली की न कुरतडलेल्या पानांतदेखील असे निरोधक साठू लागतात. जे द्रव्य आम्ही शिजवून घालवितो ते रोपाने किड्याच्या पोटासाठी राखून ठेवलेले असते. पिकांना किडींपासून वाचविण्यासाठी याच द्रव्यांचा उपयोग करता येईल काय, यावर आजही प्रयोगशाळांतून काम चालू आहे.