पट्टा आवळा, पण मोजून!

मंडळी, वजन जितकं जास्त तितका मसल मोठा, हे गणित जिममध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. पुस्तकंही साधारण तेच सांगतात. जे वजन तुम्हाला एकदाच, कसंबसं उचलता येतं, ते तुमचं ‘वन रेप मॅक्स’. ताकद वाढवायची तर त्याच्या निदान ६०-७० टक्के वजन उचला, हा जुना नियम. मग कोणी म्हणालं की २०-३० टक्के वजनातही मसल वाढतो, फक्त दंडाला किंवा मांडीला एक पट्टा आवळायचा, तर थाप वाटेल ना?

पण ही थाप नाही. या प्रकाराला ‘ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन ट्रेनिंग’, म्हणजे बीएफआर म्हणतात. हल्ली रील्स बघून पोरं सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाहीतर चक्क बॅगेचा पट्टा दंडाला बांधून डंबेल मारायला लागली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच!

हे सुचलं कोणाला?

जपानच्या योशिआकी सातो यांना. १९६६ साली एका बौद्ध श्राद्धविधीत ते आपल्या वज्रासनासारखे टाचांवर बसले होते. बराच वेळ झाल्यावर पाय बधिर झाले आणि पोटऱ्या अशा टम्म फुगल्या, की जणू भरपूर व्यायाम झालाय. रक्त अडल्यामुळे हे झालं असावं असं त्यांना वाटलं आणि मग वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःवरच पट्टे बांधून प्रयोग केले. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘काआत्सु’ नाव दिलं. ‘का’ म्हणजे भर घालणे, ‘आत्सु’ म्हणजे दाब.

पुढे लॅबमध्येही हे तपासलं गेलं. २००० साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वयस्क स्त्रियांनी १६ आठवडे दंडाचा व्यायाम केला. पट्टा बांधून हलकं वजन उचलणाऱ्या गटाच्या बायसेप्सची जाडी (म्हणजे क्रॉस-सेक्शन) सुमारे २० टक्के वाढली, जड वजनवाल्या गटाची सुमारे १८ टक्के. पट्ट्याशिवाय हलकं वजन उचलणारा गट बराच मागे राहिला.

आत नेमकं काय होतं?

धमनीतून रक्त जोरात आत येतं, शिरेतून सावकाश परत जातं. शिरेची भिंत पातळ, आतला दाबही कमी. त्यामुळे पट्टा बेताचा आवळला की आधी शीर दबते. टाकीत पाणी येतंय, पण आउटलेटचा कॉक जवळजवळ बंद, असा प्रकार. मसलमध्ये रक्त साठतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि नेहमी धुतला जाणारा ‘कचरा’ तिथेच साचतो.

मसलमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू ऑक्सिजनवर चालतात, रोजचं काम तेच करतात. वेगवान तंतू म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्रीच जागे होणारे आपले मित्र! एरवी जड वजन आल्याशिवाय ते हलत नाहीत. ऑक्सिजन संपून मंद तंतू थकले, की शरीराला यांना हाक मारावीच लागते, मग हातात चार किलोचाच डंबेल का असेना. आणि हेच तंतू जास्त फुगतात.

करतात कसं?

पट्टा दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, दुसरीकडे कुठेही नाही. वजन वन रेप मॅक्सच्या २०-३० टक्के. समजा मॅक्स २० किलो, तर ४ ते ६ किलो. पहिला सेट ३० वेळा, मग १५-१५-१५, मध्ये ३० सेकंद विश्रांती. एकूण ७५ झाले की पट्टा सैल. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

आता आपल्या विषयाकडे: प्रेशर!

किती आवळायचं? धमनी पूर्ण बंद व्हायला जेवढा दाब लागतो तो डॉप्लरने मोजतात आणि त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब देतात. हा आकडा माणसागणिक आणि पट्ट्यागणिक बदलतो. का, ते आपल्याला कळायलाच हवं. ताणलेल्या पट्ट्याखालचा दाब म्हणजे ताण भागिले (त्रिज्या गुणिले रुंदी). रुंदी निम्मी केली की दाब दुप्पट! म्हणून ट्यूबचा तुकडा किंवा नाडी म्हणजे कफ नव्हे. शिवाय त्रिज्या खाली आहे, म्हणजे जाडजूड सीनियरला जो ताण झेपतो, तोच एफईच्या काटकुळ्या पोराला जास्त दाबतो. ‘मी पण तिसऱ्या भोकापर्यंतच ओढलं होतं’ याला काही अर्थ नाही.

२००६ साली जपानमध्ये बारा हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्वचेखाली रक्त साकळणं सुमारे १३ टक्के, बधिरपणा १.३ टक्के, शिरेत गुठळी ०.०५५ टक्के. पण ही सगळी केंद्रांवर, जाणकारांच्या देखरेखीखाली काआत्सु करणारी मंडळी होती. खोलीत दार लावून, सुतळी बांधून करणाऱ्यांचा हा आकडा नव्हे!

मसल जळजळणं ठीक. पण हात पांढरा किंवा निळा पडला, मुंग्या आल्या, नाडी लागेना, तर पट्टा त्याच क्षणी सोडा. व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर सरळ डॉक्टरकडे जा. मसल फुटून किडनीवर ताण येत असल्याची ती खूण असू शकते. ब्लड प्रेशर, गुठळीचा इतिहास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. सिकलसेलचंही तेच. विदर्भातून आणि नंदुरबारकडून आलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण तिकडे सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

मग आपल्याला गरज आहे का?

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, जड वजन चालत नसलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली ही पद्धत वरदान आहे. धडधाकट माणसाचाही मसल हिच्याने जवळजवळ तेवढाच वाढतो. पण निव्वळ ताकदीत जड वजनवालेच पुढे राहतात, कारण जड उचलायची सवय नसांनाही लागावी लागते. म्हणजे बीएफआर हा शॉर्टकट नाही. जड वजनाची वाट बंद असेल तेव्हाचा तो डायव्हर्जन आहे.

तेव्हा दोस्तहो, तुमची वाट मोकळी असेल तर खुशाल वजन उचला. आणि पट्टा बांधायचाच असेल, तर रुंद कफ, दाबाचा गेज आणि शेजारी एक जाणकार माणूस, हे तिन्ही आधी जमवा. बॅगेचा पट्टा बॅगेलाच शोभतो!