तांडा आणि भाषाबेट : गोरबोलीच्या जतनाचा प्रश्न

एखादा समाज मूळ भूमी सोडून शतकानुशतके परभाषिकांत राहिला, तर त्याची परंपरा टिकली असे केव्हा म्हणावे? वेश, अन्न, सण आणि कुळाचार कायम असले म्हणजे परंपरा टिकली, असे सामान्यतः मानले जाते. भाषेचा क्रम या यादीत बहुधा शेवटी लागतो. मराठवाड्यातील गोर बंजारा समाजाच्या बोलीचा विचार करता हा क्रम उलटा लावणे आवश्यक ठरते.

बंजाऱ्यांची बोली ही भाषाशास्त्राच्या परिभाषेत 'भाषाबेट' होय. चहूबाजूंनी भिन्न भाषेने वेढलेला व मूळ भाषाक्षेत्रापासून तुटलेला भाषिकांचा समूह, असा या संज्ञेचा अर्थ आहे. समाज स्वतःस 'गोर' म्हणवितो, बाहेरच्यास 'कोर' म्हणतो आणि आपल्या बोलीस 'गोरबोली' हे नाव देतो. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून तांड्यांनी मुलूखभर वाहतूक करणे, हा त्याचा पूर्वापार व्यवसाय होता. मोगलांच्या दक्षिणेतील फौजांना त्यांनी रसद पुरविली. १८०३ साली आर्थर वेलस्लीने दख्खनेत मोहीम केली, तेव्हा त्याच्या सैन्याची भिस्तही बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. पुढे रेल्वे आली. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग परभणी व पूर्णा यांवरून सुरू झाला आणि या भागात बैलांच्या वाहतुकीची गरज ओसरली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींच्या संचारावर कडक नजर बसविली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. व्यवसाय गेल्यावर तांडे गावाबाहेर माळावर स्थिरावले व शेतीकडे, मजुरीकडे आणि पुढे ऊसतोडीकडे वळले.

मुक्काम बदलले तरी बोलीचा सांगाडा मात्र राजस्थानीच राहिला. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली भाषा व खानदेशी यांच्यासमवेत या बोलीचे वर्णन आले असून तिचे नाते राजस्थानीशी जोडले आहे. १९७० साली रोनाल्ड ट्रेल यांचे तिचे स्वतंत्र व्याकरण प्रसिद्ध झाले. षष्ठीचा 'रो-री' हा प्रत्यय, 'छ' हे अस्तिवाचक क्रियापद, 'तांडो', 'घोडो' अशी ओकारान्त पुल्लिंगी नामे, ही तिची ठळक लक्षणे होत. मराठीत लिंगे तीन, गोरबोलीत दोनच. आईस 'याडी' व भाकरीस 'बाटी' म्हणणारे हे घर मराठी गावाच्या शिवारात असले, तरी त्याचे व्याकरण दूरच्या मुलखाचे आहे.

हे बेट एकसंध नाही. महाराष्ट्रात ही बोली देवनागरीत लिहिली जाते, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगणात व आंध्रात तेलुगू लिपीत. शासनाच्या लेखी हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये आणि तेलंगण व आंध्रात अनुसूचित जमातींमध्ये मोडतो. तेलंगणात वडतिया म्हणून ओळखले जाणारे कूळ मराठी मुलखात जाधव या आडनावाने वावरते. २०११ च्या जनगणनेत लमाणी अथवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख ७६ हजार आणि बंजारी सांगणारे सुमारे १५ लाख ८१ हजार होते. या दोन्ही नोंदी हिंदी या शीर्षाखाली समाविष्ट केल्या आहेत. आठव्या अनुसूचीत या बोलीस स्थान नाही. एवढी लोकसंख्या असूनही तिला स्वतःच्या नावाचा रकाना मिळू नये, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानी घेण्याजोगी आहे.

अशा बेटाचे पुढे काय होते, हे पाहण्यास रशियातील जर्मनांचा इतिहास उपयुक्त आहे. १७६३ साली सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांस रशियात बोलाविले व त्यांना धर्मस्वातंत्र्य, स्वशासन आणि लष्करी सेवेतून सूट दिली. व्होल्गाकाठी व पुढे काळ्या समुद्राच्या उत्तरेस जर्मन गावे वसली, आणि भोवती रशियन व युक्रेनियन असतानाही त्यांच्या बोली शंभर वर्षे अबाधित राहिल्या. १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती लागू होताच हजारो कुटुंबे अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा येथे गेली. मागे राहिलेल्या व्होल्गा जर्मनांना ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. अमेरिकेतील शाखेने वारसा जपण्यासाठी १९६८ साली व १९७१ साली अशा दोन मोठ्या संस्था स्थापिल्या. वंशावळी, गावांचे नकाशे, पाककृती व आठवणी कसोशीने गोळा केल्या. कूखेन हा त्यांचा गोड पदार्थ २००० साली साउथ डाकोटाचे अधिकृत राज्य-मिष्टान्न ठरला. परंतु ज्या बोलीत तो पदार्थ आजीने नातीस शिकविला, ती बोली आज त्या घरांत क्वचितच ऐकू येते.

या उदाहरणावरून परंपरेचे दोन वर्ग स्पष्ट होतात. पहिला वर्ग वस्तूंचा व ठरीव कृतींचा. कूखेन कोणत्याही भाषेत भाजता येतो. आरसे व कवड्या जडविलेली कांचळी, फेटिया, नंगारा, पोहरादेवीची यात्रा, यांपैकी कोणतीही गोष्ट मराठी बोलणारा बंजारा पुढे चालवू शकेल. दुसरा वर्ग प्रत्येक प्रसंगी भाषेतून नव्याने घडविल्या जाणाऱ्या परंपरांचा. 'ढावलो' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. विवाहानंतर तांडा सोडताना नवरी याडीस, भावास, सख्यांस आणि तांड्यास उद्देशून जे गाऊन रडते, तो ढावलो. वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मुलगी केवळ शब्द शिकत नाही. शोक कसा रचावा, हे शिकते. काही चरण परंपरेचे असतात, काही त्या घराचे, त्या मुलीचे. म्हणजेच ढावलो ही संहिता नसून संहिता घडविण्याची रीत आहे. होळीची लेंगी आणि नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, नायकासमोर केला जाणारा युक्तिवाद यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडते. भाषा गेली की पहिला वर्ग उरतो. दुसऱ्याचे केवळ ध्वनिमुद्रण उरते. आणि उरलेल्या पहिल्या वर्गाकडे पाहून परंपरा सुरक्षित असल्याचा समज होतो, हा खरा धोका आहे.

भाषा जाते ती प्रत्येक वेळी बळजबरीने जाते असे नाही. नेब्रास्कात १९१९ साली कायद्याने आठवी इयत्तेपर्यंत परकी भाषा शिकविण्यास बंदी झाली. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बंदी दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येते. मराठवाड्यात अशी बंदी कधीच नव्हती. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावी शाळा, बँक, दवाखाना व पोलीस ठाणे यांचा व्यवहार मराठीतून चालतो. तांड्यातील मूल सहाव्या वर्षी या मराठीत प्रवेश करते. तिथे 'छ' आणि 'रो' ऐकताच सोबतचे हसले, तर ते मूल घरीही मराठीच बोलू लागते. हा प्रकार कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

अभ्यासकाचे काम येथे सुरू होते. रशियातील जर्मन वसाहतींच्या बोलींचा अभ्यास करून झिरमुन्स्की यांनी १९३० साली एक महत्त्वाचा विचार मांडला : बोलींचा संकर होताना ठळक, सहज कानात भरणारी लक्षणे आधी गळतात, ज्यांची बोलणाऱ्यासही जाणीव नसते, ती दीर्घकाळ टिकतात. एकाच तांड्यातील आजी, आई व नात यांचे बोलणे या कसोटीवर तपासून पाहण्याजोगे आहे. 'छ' लोपल्यावरही दोन लिंगांची व्यवस्था टिकते काय? मराठीत बोलताना नात नपुंसकलिंगी नामांस कोणते रूप देते? असे अध्ययन विद्यापीठापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर होऊ शकते.

त्यात दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. पहिले, बोली 'शुद्ध' करण्याचा मोह टाळावा. परभणीच्या तांड्यातील गोरबोलीत मिसळलेली मराठी हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. दुसरे, केवळ शब्दसंग्रहावर समाधान मानू नये. वाद, विनोद, समजूत, शिव्या आणि शोक, म्हणजे बोली ज्या ज्या कामी येते ती सर्व कामे, संमतीने नोंदवावीत व त्या नोंदींची प्रत तांड्याकडे ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. मराठवाड्यातील शाळेने पहिल्या वर्षी मुलाचे 'याडी' हे चुकीचे उत्तर न मानता फळ्यावर लिहिले, तरी त्या दिशेने आरंभ होईल.

ध्वनिमुद्रित ढावलो संग्रहालयात शतकभर राहील. परंतु तो ऐकून दुसरा ढावलो रचणारी मुलगी तांड्यात असेल काय, हीच परंपरेच्या जतनाची कसोटी होय.