मिनिएचर वॉरगेमची नियमपुस्तके

मिनिएचर वॉरगेमची नियमपुस्तके म्हणजे सैनिक, वाहने, जहाजे इत्यादींच्या लहान प्रतिकृती टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांचे नियम सांगणारी पुस्तके होत. प्रतिकृती किती अंतर सरकवावी, कोणी कोणावर मारा करावा, फाशांवर कोणते दान पडल्यास किती हानी व्हावी आणि डाव केव्हा संपावा, हे या पुस्तकांत ठरवून दिलेले असते. बुद्धिबळाचा पट घरांनी आखलेला असल्यामुळे मोहरा कोठे उभा आहे याविषयी वाद संभवत नाही. मिनिएचर वॉरगेममध्ये टेबल मोकळे असते आणि अंतरे मोजपट्टीने मोजली जातात. त्यामुळे नियमांच्या शब्दरचनेला येथे विशेष महत्त्व येते.

किंमत, पृष्ठसंख्या आणि छपाई यांवरून दोन नियमपुस्तकांची वरवरची तुलना करता येते. मात्र डावात उद्भवलेला प्रश्न पुस्तकाच्या आधारे, पंचाविना सुटतो की नाही आणि खेळ सुरू करण्यासाठी पुस्तकाखेरीज आणखी काय विकत घ्यावे लागते, या दोन बाबी पुस्तकाच्या दर्जाच्या व मूल्याच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतात.

## इतिहास

आधुनिक युद्धखेळाचा उगम जर्मन भाषक प्रदेशात झाला. योहान हेलविग याने इ.स. १७८० मध्ये बुद्धिबळावर आधारित युद्धखेळ प्रसिद्ध केला. प्रशियाचा अधिकारी गेओर्ग फॉन रायस्विट्झ (धाकटा) याने १८२४ मध्ये 'क्रीगस्पील' या खेळाचे नियम छापले. हा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई, प्रत्येक फेरी दोन मिनिटांच्या प्रत्यक्ष लढाईइतकी मानली जाई आणि निर्णय पंच देई. पुढे १८७६ मध्ये युलियस फॉन व्हेर्दी दु व्हेर्न्वा याने किचकट नियम व तक्ते बाजूला ठेवून सर्व निर्णय अनुभवी पंचावर सोपवणारी 'मुक्त' पद्धत मांडली. अनुभवी पंच असल्यास नियम थोडे असले तरी चालते, हे या पद्धतीमागचे तत्त्व होते.

घरगुती छंद म्हणून खेळताना असा पंच सहसा उपलब्ध नसतो. इंग्रज लेखक एच.जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' (१९१३) या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांसाठी सुटसुटीत नियम दिले. त्यात पायदळ एका चालीत १ फूट आणि घोडदळ २ फूट सरकते. तोफ वापरण्यासाठी तिच्यापासून ६ इंचांच्या आत आपल्या बाजूचे किमान ४ सैनिक असावे लागतात. माऱ्याचा निकाल फाशांऐवजी स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने प्रत्यक्ष नेम धरून लावला जातो. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांच्या नाविक युद्धखेळातही (१९४०) फासे नव्हते. खेळाडूंना शत्रूच्या जहाजापर्यंतचे अंतर नजरेने अजमावावे लागे.

डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' (१९६२) या पुस्तकामुळे ब्रिटनमध्ये हा छंद पसरला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने प्राचीन काळातील लढायांसाठी तपशीलवार नियम प्रसिद्ध केले. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' (१९७१) मध्ये मध्ययुगीन लढायांच्या नियमांना काल्पनिक प्राण्यांचे व जादूचे परिशिष्ट जोडलेले होते. १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आणि १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ आले. त्यानंतर नियमपुस्तक आणि प्रतिकृती एकाच कंपनीने विकण्याची पद्धत दृढ झाली.

## दर्जाचे निकष

### भाषा व मांडणी

चांगल्या नियमपुस्तकात एका संज्ञेचा एकच अर्थ असतो आणि ती संज्ञा सर्वत्र त्याच अर्थाने वापरलेली असते. अंतर प्रतिकृतीपासून मोजावे की तिच्या बैठकीच्या कडेपासून, झाडाआड अर्धवट दिसणारा सैनिक 'दिसतो' असे मानावे की नाही, दोन नियम परस्परविरोधी ठरल्यास कोणता ग्राह्य धरावा, अशा प्रश्नांची उत्तरे पुस्तकातच मिळणे अपेक्षित असते. आकृत्या, सोडवून दाखवलेली उदाहरणे, सूची आणि शेवटच्या पानावरील संक्षिप्त तक्ता यांमुळे डाव सुरू असताना उत्तर लवकर सापडते.

संक्षेप म्हणजे सुबोधता नव्हे, याचे परिचित उदाहरण फिल बार्कर यांची लेखनशैली हे आहे. 'दे बेल्लिस अँटिक्विटाटिस' (१९९०) या पुस्तकाचे मूळ नियम थोड्या पानांत मावणारे होते. परंतु त्यांतील वाक्ये इतकी दाट होती की खेळाडूंनी त्यांचा अर्थ आकृत्यांसह उलगडणारी स्वतंत्र मार्गदर्शिका तयार केली. याउलट, मोठ्या आकाराच्या सचित्र पुस्तकांत बरीच पाने काल्पनिक इतिहास, छायाचित्रे आणि रंगकामाची माहिती यांनी व्यापलेली असतात. हा मजकूर वाचनीय असला तरी डावातील वाद सोडवण्यास त्याचा उपयोग होत नाही.

### नियमरचना

नियम स्पष्ट असले तरी खेळ कंटाळवाणा असू शकतो. म्हणून एका निर्णयासाठी किती कृती कराव्या लागतात, हे पाहिले जाते. वॉरहॅमर पद्धतीच्या खेळात माऱ्याचा निकाल तीन टप्प्यांत लागतो: नेम लागणे, जखम होणे आणि चिलखताने बचाव होणे. प्रत्येक टप्प्यावर निम्मी शक्यता धरल्यास २० फाशांपैकी सरासरी १० नेम लागतात, ५ जखमा होतात आणि अडीच सैनिक पडतात. 'दे बेल्लिस अँटिक्विटाटिस'मध्ये दोन्ही बाजू एकेक फासा टाकून त्यात पथकाचे बळ मिळवतात. एका बाजूची बेरीज दुसरीच्या दुप्पट झाल्यास हरलेले पथक सहसा नष्ट होते, अन्यथा बहुधा मागे हटते. पहिल्या पद्धतीत फासे पुष्कळ असल्याने निकाल सरासरीच्या जवळ राहतो, पण वेळ अधिक लागतो. दुसरी पद्धत जलद आहे, पण एका दानाचे वजन मोठे असते.

चालींचा क्रम हाही महत्त्वाचा घटक आहे. एका बाजूने आपले सर्व सैन्य हलवून मग दुसऱ्या बाजूने हलवावे, ही जुनी पद्धत समजण्यास सोपी आहे, परंतु प्रतिस्पर्ध्याला बराच वेळ नुसते बसून राहावे लागते. 'बोल्ट ॲक्शन' (२०१२) मध्ये दोन्ही बाजूंचे आज्ञा-फासे एका पिशवीत घालून एकेक काढले जातात आणि ज्याचा फासा निघेल तो एक पथक हलवतो. 'लायन रॅम्पंट' (२०१४) मध्ये पथक हलवण्यासाठी दोन फाशांची ठरावीक बेरीज गाठावी लागते. ती न गाठल्यास खेळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. ७ किंवा अधिक बेरीज पडण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे सुमारे ५८ टक्के असते. त्यामुळे कोणते पथक आधी हलवावे हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय ठरतो.

### समतोल

दोन्ही सैन्ये तुल्यबळ असावीत यासाठी अनेक पुस्तकांत प्रत्येक पथकाला गुणमूल्य दिलेले असते. २०१५ मध्ये 'वॉरहॅमर: एज ऑफ सिग्मार'चे मूळ नियम केवळ चार पानांत व विनामूल्य उपलब्ध झाले. मात्र त्यांत गुणमूल्ये नव्हती आणि सैन्य किती आणावे हे खेळाडूंनी आपसांत ठरवायचे होते. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१६ च्या 'जनरल्स हँडबुक'मध्ये गुणमूल्ये देण्यात आली. नियम फुकट आणि थोडके असले तरी अनोळखी खेळाडूंमध्ये बरोबरीचा डाव मांडता येत नसेल तर पुस्तक अपुरे ठरते, हे या घटनेतून दिसून आले.

गुणमूल्ये हा समतोलाचा एकमेव मार्ग नाही. ऐतिहासिक लढाया मुळातच विषम असतात. अशा वेळी कमकुवत बाजूला सोपे उद्दिष्ट देऊन प्रसंगाच्या रचनेतूनच समतोल साधला जातो.

## मूल्य व एकूण खर्च

पुस्तकाची छापील किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. काही खेळांत मुख्य नियमपुस्तकाबरोबर प्रत्येक सैन्यासाठी वेगळे पुस्तक लागते, तर 'सागा'सारख्या खेळात विशेष फासे व सैन्यनिहाय फलक वापरले जातात. आवृत्ती किती काळ टिकते हेही पाहावे लागते. 'वॉरहॅमर ४०,०००'च्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या आवृत्त्या अनुक्रमे २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये आल्या. म्हणजे एका आवृत्तीचे आयुष्य सुमारे तीन वर्षांचे होते. एका कंपनीच्या प्रतिकृतींशी न बांधलेली पुस्तके कोणत्याही प्रतिकृतींसह, प्रसंगी कागदी सैनिकांसहही, वापरता येतात.

| नियमपुस्तक | वर्ष | एका बाजूचे सैन्य | वैशिष्ट्य |
|---|---|---|---|
| लिटल वॉर्स | १९१३ | खेळाडूंच्या सोयीनुसार | खेळण्यातील तोफेने प्रत्यक्ष मारा |
| दे बेल्लिस अँटिक्विटाटिस | १९९० | १२ पथके | लहान टेबल, जलद निकाल |
| वन-अवर वॉरगेम्स | २०१४ | ६ पथके | ९ कालखंडांचे नियम, ३० प्रसंग |
| फ्रॉस्टग्रेव्ह | २०१५ | कमाल १० प्रतिकृती | २० बाजूंचा फासा, सलग मोहिमा |

नील थॉमस यांचे 'वन-अवर वॉरगेम्स' हे अल्प खर्चात अधिक डाव देणाऱ्या पुस्तकाचे उदाहरण मानता येते. त्यासाठी ३ फूट लांबी-रुंदीचे टेबल पुरते आणि डाव १५ फेऱ्यांत संपतो. मात्र नियम अतिशय सोपे असल्याने शस्त्रास्त्रांमधील बारकावे त्यात उतरत नाहीत. 'लिटल वॉर्स' लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटल्यामुळे भारतात स्वामित्वहक्कमुक्त झाले असून प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य वाचता येते.

## तुलनेच्या मर्यादा

सर्व निकषांवर श्रेष्ठ ठरेल असे एकच नियमपुस्तक सांगता येत नाही. स्पर्धेसाठी काटेकोर भाषा आणि गुणमूल्ये आवश्यक असतात. परस्परांना ओळखणाऱ्या मित्रमंडळींना काही गोष्टी मोकळ्या सोडणारे नियम अधिक आवडू शकतात, तर इतिहासाच्या अभ्यासकाला सेनापतीसमोरचे खरे पेच डावात उभे राहतात की नाही हे महत्त्वाचे वाटते. शिवाय आसपास प्रतिस्पर्धी मिळणार नसेल तर उत्तम पुस्तकही कपाटातच राहते. त्यामुळे नियमपुस्तकाचे मूल्यमापन वाचनापेक्षा प्रत्यक्ष काही डाव खेळून, आणि डावात किती वेळा पुस्तक उघडावे लागले व उघडल्यावर उत्तर मिळाले का, हे पाहून करणे अधिक विश्वसनीय ठरते.